माझ्या घराचा कंट्रोलर आणि तात्यांचा डावा अंगठा

अंबडला घर बांधलं तेव्हा फरशी कोणती, रंग कोणता, ओटा किती उंच हे सगळं बायकोनं ठरवलं. बाबांनी अर्थिंगचा खड्डा स्वतः उभं राहून खोदून घेतला. ते आयुष्यभर वीज मंडळात लाइनमन होते, त्यामुळे घर म्हणजे त्यांच्या दृष्टीनं अर्थिंगभोवती बांधलेल्या चार भिंती. माझ्या वाट्याला आला मीटरशेजारचा एक पांढरा डबा. त्या डब्याचा मला उरलेल्या घरापेक्षा जास्त अभिमान होता.

मी जालन्याच्या एका खाजगी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. म्हणजे गेली अठरा वर्षं मी फळ्यावर खडूनं दिवे लावतो. आता स्वतःच्या घरात मोबाइलवरून खरे दिवे लावायचे, असं मी ठरवलं होतं. दिवे, पंखे, गिझर, पाण्याची मोटार, सगळ्यांच्या वायरी त्या डब्यात आणल्या. भिंतीवरचे खटके जुनाट दिसतात म्हणून ते काढून काचेच्या पट्ट्या बसवल्या. त्यांना बोट लावलं की डब्यात 'टक' असा आवाज होऊन दिवा लागायचा.

डब्यासोबत कंपनीचं तयार ॲप मिळालं होतं. त्यात मराठीचीही सोय होती. मी हौसेनं मराठी निवडली, तर दिव्यासमोर लिहून आलं, 'हलका चालू'. पंख्यासमोर, 'चाहता बंद'. मी ते बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "बराबर हाय की. चाहता बंद व्हऊन बरीच वर्षं झाली."

त्याच दिवशी मी ठरवलं, की आपल्या घराचा कंट्रोलर, म्हणजे डबा चालवणारं ॲप, आपणच लिहायचा.

चार महिने लागले. अंबड-जालना एसटीत वहीवर स्क्रीन काढायच्या आणि रविवारी लॅपटॉपवर बसून त्या उतरवायच्या. शेजारच्या सीटवरचे लोक वहीत डोकावून विचारत, "घराचा नकाशा का, सर?" मी म्हणे, "नाही, घराचा मेंदू." मग ते खिडकीबाहेर बघू लागत.

दिवाळीच्या आधी कंट्रोलर तयार झाला. मी घरच्यांना बैठकीत बसवून उद्‌घाटन केलं. मुलगी पुण्याला शिकायला होती, तिला व्हिडिओ कॉलवर घेतलं. स्क्रीनवर खोल्यांची यादी होती आणि प्रत्येक खोलीपुढे हिरवं किंवा लाल बटण. बाबांनी चष्मा लावून यादी मोठ्यानं वाचली.

"बैठक, चालू. सैपाकघर, चालू. बाबा, बंद." त्यांनी चष्मा काढला. "मला बंद केलंस व्हय रे?"

"तुमची खोली बंद आहे, बाबा. खोलीचा दिवा."

"मंग तसं लिही ना. इथं सरळ 'बाबा बंद' लिहिलंय. एखादा पाहुणा वाचंल अन् हार घिऊन येईल."

मी ते तिथल्या तिथं बदलून 'बाबांची खोली' केलं. बायकोच्या फोनमध्ये ॲप टाकायला हात पुढे केला, तर तिनं फोन पदराखाली घेतला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिच्या फोनमध्ये हजेरीचं ॲप, खिचडीचं ॲप, प्रशिक्षणाचं ॲप, झाडं लावल्याचे फोटो टाकायचं ॲप अशी अकरा ॲपं होती. झाडाच्या ॲपला तर रोपासोबत मुख्याध्यापकही फोटोत लागायचे.

"बारावं टाकणार न्हाई मी," ती म्हणाली. "शाळेत हजेरी लावते मोबाइलवर. घरी येऊन दिव्याची बी लावू का?"

तर असा चार महिन्यांच्या कष्टाचा कंट्रोलर वापरायला घरात एकटा मी उरलो. आणि ज्याच्या एकट्याच्या हातात कंट्रोल असतो तो माणूस जसा वागतो तसाच मी वागू लागलो.

सकाळी साडेआठच्या एसटीत बसलो की मी फोन काढून घर तपासायचो. बैठकीतला पंखा चालू, माणूस कोणी नाही, बंद. स्वयंपाकघरातला दिवा, बाहेर एवढं ऊन असताना, बंद. एका सकाळी गिझर वीस मिनिटं चालू दिसला. मी तो बंद केला आणि वीज वाचवल्याच्या समाधानात डोळे मिटले. दोन मिनिटांत बायकोचा फोन आला.

"गिझर तुम्ही बंद केला का?"

"हो. वीस मिनिटं चालू होता."

"मी डोक्याला शाम्पू लावून उभी हाय. डिसेंबर महिना चालू हाय. तुम्ही कुठं हायेत?"

"एसटीत."

"तिथंच राहा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

'सगळं बंद' या माझ्या लाडक्या बटणावरूनही एकदा वाद झाला. बुद्धमूर्तीपुढचा छोटा दिवा बाबा सकाळी वंदना झाल्यावर लावून ठेवत. घराबाहेर पडताना मी ते बटण दाबलं की तोही विझे. तीन दिवस बाबा तो पुन्हा पुन्हा लावत राहिले. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "तुझ्या मशीनला सांग, तेवढा एक दिवा तिच्या बापाचा न्हाई." मी तो यादीतून काढला.

बाबांचं दुखणं मात्र वेगळंच होतं. काचेची पट्टी त्यांची बोटं ओळखत नव्हती. जन्मभर तारा ओढून, खांबांवर चढून त्यांच्या बोटांना जे घट्टे पडलेत, ते काचेला बोट वाटतच नव्हते. ते बोटाच्या मागच्या बाजूनं, दारावर टकटक करावी तशी पट्टीवर ठोकत आणि दिवा कसाबसा लावत. पंख्याचं आणखी अवघड होतं. वेग कमीजास्त करायची सोय मी फक्त मोबाइलमध्ये ठेवली होती आणि त्याला चार आकड्यांचा पिन होता. बाबांचा फोन बटणांचा.

एक दिवस मी कॉलेजातून आलो तर टेबलावर रेघांच्या कागदावर लिहिलेला अर्ज होता. अक्षर बाबांचं.

'प्रति, मा. घरप्रमुख साहेब यांचे सेवेशी. विषय : पंखा चालू करणेबाबत. महोदय, वरील विषयी विनंती की, अर्जदाराचे खोलीतील पंखा आज दुपारी दोन वाजलेपासून एक नंबरवर फिरत असून अर्जदार घामाघूम झालेला आहे. तरी सदर पंखा तीन नंबरवर करणेत यावा, ही नम्र विनंती. आपला विश्वासू, सेवानिवृत्त लाइनमन.'

खाली सही होती आणि डाव्या कोपऱ्यात 'प्रत : स्थळप्रतीसाठी' असं लिहिलेलं होतं. म्हणजे एक प्रत त्यांनी स्वतःकडे ठेवली होती.

मला हसू आलं. मी पंखा तीनवर केला आणि अर्जाचा फोटो काढून स्टाफरूमच्या ग्रुपवर टाकला. सगळे हसले. बाबा त्यात हसत नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

कंट्रोलरमध्ये मी एक नोंदवही ठेवली होती. कोणता दिवा किती वाजता लागला, किती वाजता विझला, सगळं त्यात उतरे. बायको तिला 'हेडमास्तर' म्हणे. एप्रिलमध्ये नोंदवही चाळताना मला एक विचित्र गोष्ट दिसली. रोज दुपारी चार वाजता बाबांच्या खोलीतला दिवा लागत होता, विझत होता, लागत होता, विझत होता. तीन वेळा लागे आणि तीन वेळा विझे. बाहेर लख्ख ऊन असताना.

बाबांना काही विचारावं असं मला सुचलं नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस; मला सुचलं ते इलेक्ट्रॉनिक्सचंच. असं सारखं चालू-बंद केलं तर डब्यातला रिले, म्हणजे तो 'टक' वाजणारा खटका, लवकर खराब होणार. म्हणून मी एक नियम लिहिला : एका मिनिटात तीनपेक्षा जास्त वेळा पट्टी दाबली तर ती अर्धा तास कुलूपबंद. नियम लिहायला दहा मिनिटंही लागली नाहीत. तो मला फार आवडलाही होता.

दुसऱ्या दिवशीपासून दिवा लागे, विझे, लागे आणि तसाच लागून राही.

त्याच आठवड्यात बाबांचं वागणं बदललं. ते रोज संध्याकाळी समोरच्या घरी तात्यांकडे जात, ते बंद झालं. गल्लीत सगळे ज्यांना तात्या म्हणत ते वडीगोद्रीकडच्या एका गावचे शेतकरी. बाबांची नोकरी पूर्वी त्याच भागात होती, तेव्हापासूनची ओळख. गावात असताना बाबा त्यांच्या ओट्यापर्यंतच जात आणि त्यांना 'मालक' म्हणत. तात्यांच्या मुलानं अंबडला घर घेतलं, ते योगायोगानं आमच्यासमोर. इथं आल्यावर कधी कुणास ठाऊक, बाबा ओट्यापासून थेट खोलीपर्यंत गेले आणि 'मालक'चं 'दोस्त' झालं. दोन वर्षांपूर्वी तात्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. 'हां', 'न्हाई' आणि एक शिवी, एवढे तीनच शब्द उरले. बाबा तरी रोज त्यांच्याकडे जाऊन तासभर बोलत बसत.

आता ते जात नव्हते. खुर्चीत बसून राहत. जेवताना भाकरी मोडून तशीच हातात धरून ठेवत. काय झालं विचारलं तर म्हणत, "काय न्हाई. जरा बरं वाटंना."

मी नोंदवहीतला चार वाजताचा खेळ आणि हे बसून राहणं एकत्र जोडलं आणि मला धडकी भरली. बाबांची स्मरणशक्ती चाललीय. दिवा लावलाय हेच त्यांच्या लक्षात राहत नाहीये. मी सुट्टी टाकली आणि त्यांना जालन्याला डॉक्टरकडे घेऊन गेलो. सोबत नोंदवहीची प्रिंट घेतली होती.

डॉक्टरांनी प्रिंट बाजूला ठेवून बाबांना वार विचारला, महिना विचारला. मग शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितलं. बाबा "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी" असे सरळ दोनपर्यंत उतरले. मी मनातल्या मनात पासष्टला अडकलो होतो.

"जुनं काही आठवतं का, काका?" डॉक्टरांनी विचारलं.

बाबांनी वडीगोद्री भागातल्या डीपी, म्हणजे शेताशेतातले ट्रान्सफॉर्मर, सांगायला सुरुवात केली. कोणती कोणाच्या शेतात, कोणीकडून किती खांबांवर, कोणत्या डीपीचा फ्यूज कोण रात्रीतून काढून नेई. बाहेर पेशंट खोळंबले तेव्हा डॉक्टरांनी हात जोडून त्यांना थांबवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना काहीही झालेलं नाही. तुम्ही जरा बाही वर करा बरं."

माझं बीपी एकशेपन्नासच्या वर निघालं. गोळी मला सुरू झाली.

एसटीत परत येताना बाबा एकच वाक्य बोलले. "डोकं तपासायला आणलं व्हतंस ना मला?" वाटेतली सगळी गावं आम्ही दोन वेगवेगळ्या खिडक्यांतून पाहिली.

त्यानंतर दोन दिवसांनी तात्यांची सून आमच्याकडे आली. ती घरीच शिवणकाम करते. गळ्यात टेप तशीच होती.

"सर, काकांना बरं हाय ना? आठ-धा दिस झाले, आल्ते न्हाईत."

बाबा आतून म्हणाले, "मी आल्तो की. तुझ्या सासऱ्यानं भिंतीकडं तोंड केलं. मी काय समजायचं?"

सून दारातच बसली. तिनं जे सांगितलं ते ऐकताना मला आधी काही कळेना आणि मग सगळंच कळलं.

तात्यांना कोणाच्या पुढे तसंच पडून राहिलेलं आवडत नाही. बाबा यायच्या आधी अंग पुसून, धुतलेला सदरा घालून, पाठीशी उशी देऊन त्यांना बसतं करावं लागतं. अर्धा तास तरी जातो. म्हणून दोघांचं ठरलेलं होतं. चार वाजता बाबा खिडकीतला दिवा तीनदा उघडझाप करत. तात्यांची खाट बरोबर त्या खिडकीसमोर. दिवा दिसला की ते डाव्या हातानं खाटेची पट्टी ठोकून सुनेला बोलावत, सदऱ्याकडे बोट दाखवत. बाबा साडेचारला पोचेपर्यंत ते तयार असत.

"त्या दिवशी दिवा लागला अन् तसाच राह्यला," सून म्हणाली. "त्यान्ला वाटलं, आज काका येणार न्हाईत. मी मशीनवर बसले. अन् काका एकदम समोर. अंथरूण बी ओलं व्हतं, सर. त्यान्ला लई लाज वाटली."

बाबा खुर्चीतून उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. पाठ आमच्याकडे होती.

"तीनदाच का?" मी विचारलं.

"तीन फेज," बाबा म्हणाले. "गावात मी डीपीवर असायचो अन् हा विहिरीवर. मधी दोन शेतं. मोबाइल कुठं व्हते तवा? मी फ्यूज टाकला की हा मोटारीच्या खोलीतला बल्ब तीनदा मारायचा. म्हंजी तिन्ही फेज आल्या, सगळं बराबर हाय, उतर खाली."

"पण बाबा, फोन करता आला असता ना सुनेला."

"फोन केला की मंग बोलणं माझं अन् तिचं व्हतं. बत्ती मारली की माझं अन् त्याचं." मग ते वळले. "आठ दिवस ती काच मला दाबू देईना. मला वाटलं माझ्याच बोटात काय उरलं न्हाई. दिव्याचं तू मला इचारलंस का एकदा तरी? तू मोबाइलला इचारलंस."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं टेबलावरचा माझा फोन उचलून माझ्या हातात दिला.

मी त्याच संध्याकाळी बाजारातून साधे, खटकन आवाज करणारे काळे खटके आणले. बाबांच्या खोलीतली काच काढली, पंख्याला गोल फिरणारं रेग्युलेटर बसवलं. बाबा स्टुलाशेजारी बॅटरी धरून उभे होते आणि माझ्या प्रत्येक जोडणीला नावं ठेवत होते. "न्यूट्रल आवळ. अजून आवळ. कॉलेजात हेच शिकवून राह्यला का?" दहा दिवसांनी ते माझ्यावर ओरडत होते. मी मुकाट्यानं न्यूट्रल आवळला.

दुसऱ्या दिवशी मी बाबांबरोबर तात्यांकडे गेलो. माफी मागावी असं मनात होतं. पण ज्यांना तीनच शब्द येतात त्यांची माफी कशी मागायची, ते मला कळेना. तात्या उशीला टेकून बसले होते, धुवट सदरा, हनुवटीवर नीट केलेली दाढी. बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यानं केलं ते, दोस्त. शिकलेला हाय."

तात्यांनी माझ्याकडे बघून आपला तिसरा शब्द वापरला. बाबा मोकळेपणानं हसले, पहिल्यांदाच त्या पंधरवड्यात.

खोलीत उकडत होतं. तात्यांच्या कपाळावर घाम होता आणि पंखा त्यांच्या डोक्यावर बंद होता. खटका दारापाशी, खाटेपासून आठ फुटांवर. तात्यांनी खाटेची पट्टी ठोकली. पलीकडच्या खोलीत शिलाई मशीन चालू होतं. त्यांनी पुन्हा ठोकली. तिसऱ्यांदा ठोकल्यावर मशीन थांबलं, सून आली, तिनं खटका दाबला आणि परत गेली. तिनं तोंड वाकडं केलं नाही. तरी तात्या तिच्याकडे बघत नव्हते.

चार महिने खपून मी कंट्रोलर केला होता तो ज्यांना चालता येतं, हात वर करता येतो आणि खटका दिसतो अशा तीन धडधाकट माणसांसाठी. आठ फुटांवरचा खटका ज्याला गावाइतका लांब, तो माणूस समोरच्या घरात दोन वर्षं पडून होता.

या वेळी मी वहीवर आधी काही काढलं नाही. लागोपाठ पाच रविवार तात्यांच्या खाटेशी जाऊन बसलो. भिंतीवर खटक्याशेजारी एक छोटा डबा बसवला, माझा जुना फोन एका लाकडी फळीला पट्टीनं बांधला आणि फळी त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली. पहिल्या रविवारी सहा बटणं दाखवली. तात्या म्हणाले, "न्हाई." मी चार केली. "न्हाई." बटणांचे रंग बदलले, तर तिसरा शब्द आला. बाबा दुभाष्या होते. त्या एका शिवीचे त्यांना पाचसहा अर्थ कळत. "हे म्हंजी लहान हाय. हे म्हंजी हात पोचंना. अन् हे," ते मला म्हणाले, "हे तुला उद्देशून नव्हतं, माशी बसल्ती."

शेवटी तीन बटणं राहिली. पंखा, दिवा, टीव्ही. प्रत्येक बटण विटेएवढं. पिन नाही, लॉगिन नाही, नोंदवही नाही. माझ्या अठरा वर्षांच्या नोकरीत मी एवढं कमी काम असलेली गोष्ट कधी बनवली नव्हती आणि ती बनवायला एवढा वेळही कधी लागला नव्हता.

मला भीती होती, काच त्यांचाही अंगठा ओळखणार नाही. पण अंगठा लागला आणि भिंतीवर 'टक' झालं. दोन वर्षं अंथरुणावर पडून नांगराचे घट्टे निघून गेले होते. अंगठा लहान मुलासारखा मऊ झाला होता.

पंखा फिरू लागला. तात्या वर बघत राहिले. मग त्यांनी तो बंद केला. मग चालू केला. सून मशीन सोडून दारात आली, "काय पायजे, बाबा?" म्हणून. तात्या म्हणाले, "न्हाई." ती उभीच राहिली. त्यांनी पुन्हा म्हटलं, "न्हाई," आणि हातानं तिला जा म्हणून खुणावलं. ती आत गेली आणि बराच वेळ मशीनचा आवाज आला नाही.

इथं माझी गोष्ट चांगल्या ठिकाणी संपली असती. पण आठ दिवसांत तात्यांचा मुलगा मला गल्लीत भेटला. तो जालन्याला सळ्यांच्या कारखान्यात पाळीवर जातो.

"सर, ते टीव्हीचं बटण काढता येईल का?"

"का? चालत नाही का?"

"चालतं, म्हणूनच. मी बातम्या लावल्या की बाबा बंद करतात. हिची मालिका ऐन रंगात आली की बंद करतात. पाव्हणे बसले व्हते काल, बैठकीतली बत्तीच बंद केली. पाव्हणे उठून गेले."

"बैठकीतली? ती तर मी जोडलीच नव्हती."

"एकाच वायरीवर हाय ती. बाबान्ला म्हाईत हाय." त्यानं जेवणाच्या डब्याची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "घर माझ्या नावावर हाय, सर. पण आता ते पुन्हा मालक झालेत."

मी घरी येऊन बाबांना सांगितलं, की बटण काढून टाकतो. बाबा म्हणाले, "खबरदार! दोन वर्षं ह्या लोकांनी त्याला न इचारता त्याचा टीव्ही चालू केला अन् बंद केला. आता थोडे दिवस त्यान्ला कळू दे." ते मला उद्देशून होतं की मुलाला, मी खोदून विचारलं नाही. बटण राहिलं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या कॉलेजात नव्या कल्पनांची स्पर्धा झाली. विभागप्रमुखांच्या आग्रहाखातर मी तात्यांची फळी घेऊन गेलो. तात्यांनी ती एका दिवसासाठी द्यायला कुरकुर केली. परीक्षक बाहेरून आले होते. त्यांनी फळी उलटीपालटी करून बघितली.

"यात आर्टिफिशियल इंटेलिजन्स कुठे आहे?"

"नाही, सर."

"डेटा कुठे साठतो?"

"साठत नाही."

"किती लोक वापरतात?"

"एक."

"एक हजार?"

"एक, सर. समोरच्या घरातले."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि "पुढे याला वाव आहे" असं म्हणून पुढच्या टेबलाकडे गेले. पहिलं बक्षीस एका विद्यार्थ्याच्या डस्टबिनला मिळालं. जवळ गेलं की ते आपोआप उघडे आणि 'धन्यवाद' म्हणे. सोहळा संपेपर्यंत त्यात कोणी काही टाकलं नाही, पण धन्यवाद बऱ्याच जणांना मिळाले.

घरच्या कंट्रोलरचं म्हणाल तर आता तो फक्त पाण्याच्या मोटारीला उरला आहे. टाकी भरली की मोटार बंद होते आणि त्याबद्दल आजवर कोणाची तक्रार आलेली नाही. कोणाला तो आहे हेच आठवत नाही, हे त्याचं कारण असावं. बाकी सगळे खटके मी एकेक करून परत बसवले. मोटारीचं सर्किट टाकीपाशी हलवल्यावर पांढरा डबा रिकामा झाला, त्यात बायको लाइटची बिलं ठेवते.

तात्यांकडे मी अजून रविवारी जातो. फोन चार्ज आहे का, पट्टी सैल झाली का, बघून येतो. मागच्या रविवारी त्यांनी फळीवर चौथ्या जागी बोट ठेवलं. नवीन बटण पाहिजे होतं.

"कशाचं, तात्या? घंटी लावू का, सुनेला बोलवायला?"

"न्हाई."

"कूलर?"

"न्हाई." त्यांनी खिडकीबाहेर हात केला, मग कानावर ठेवला, मग पुन्हा बाहेर केला. गल्लीच्या टोकाच्या मंगल कार्यालयात लग्न होतं आणि डीजेनं खिडकीची तावदानं थरथरत होती.

"ते बंद करायचं?" मी ओरडून विचारलं.

"हां!"

"तात्या, ते आपल्या हातात नाही. ते दुसऱ्याचं आहे, दुसऱ्याच्या मीटरवर आहे."

तात्यांनी सावकाश, स्पष्ट, तिसरा शब्द उच्चारला.

मी बाबांकडे पाहिलं. बाबा कपात चहा ओतत होते.

"तो इचारून राह्यला," बाबा म्हणाले, "की मंग तू इतका शिकला कशाला?"